चाचांच्या डब्यातली उत्तरं

रशियन भाषेतला एक शब्द येत नसताना रशियन शिकवून दाखवणारा जगाच्या पाठीवरचा एकमेव माणूस रियाधमध्ये, अल मलाझमध्ये, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत होता. यावर कुणाला शंका असेल तर त्याने खुशाल माझ्याशी वाद घालायला यावं, मी चहासुद्धा करीन, पण एक इंच मागे हटणार नाही. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मुरुडच्या बाजूचे, साठीला टेकलेले, अंगाने किडकिडीत, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटा टॉर्च. सौदीत त्यांची तीस वर्षं झालेली. चाची गावी नातवंडांत रमल्या होत्या, त्यामुळे इथे एकटेच. बरीच वर्षं रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर काढली आणि मग रियाधच्या एका लॅबमध्ये आले. काम काय, तर गेज, थर्मामीटर, काटे असली मोजणारी यंत्रं स्वतः नीट मोजतात की नाही ते तपासायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात हे मला त्यांच्यामुळेच कळलं. एक खात्रीचं यंत्र असतं, ते मास्टर. बाकीच्यांना त्याच्या शेजारी उभं करायचं आणि कोण किती चुकतंय ते बघायचं.

आता दिवसभर हे करणारा माणूस घरी आल्यावर तरी थांबेल की नाही? छे, नाव नको! कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे आपल्या भाषेत किराण्याच्या दुकानात, चाचा आधी खिशातून स्वतःचं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन काढून काट्यावर ठेवायचे आणि मग तूरडाळ मागायचे. दुकानदार केरळचा. तो पहिल्यांदा म्हणे हसला, मग चिडला, मग ‘खलास चाचा, खलास’ म्हणत हात जोडायला लागला, आणि वर्षभरात तोच इतर गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायला लागला की माझा काटा चाचांनी पास केलेला आहे. इमारतीत कुणाला ताप आला की चाचा आपला थर्मामीटर घेऊन हजर. पेशंटला आधी त्याचा थर्मामीटर, मग यांचा, मग दोन्हीतला फरक वहीत, आणि तोवर पेशंट बिचारा तोंड उघडं ठेवून बसलेला. आमच्याकडच्या बीपीच्या मशीनवर, ओव्हनवर, भिंतीवरच्या घड्याळावर, सगळ्यावर त्यांनी चिकटवलेल्या पट्ट्या होत्या, तारीख आणि सहीसकट. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांनी तपासला तर तो चौदा ग्रॅम जास्त दाखवत होता. अहो, मी दोन वर्षं माझ्या नानकटाया फसतात म्हणून सौदीतल्या मैद्याला शिव्या घालत होते!

मी म्हटलं, फेकून देते हा काटा, नवा आणते. तर चाचांचा चेहरा असा पडला की जणू मी घरातल्या कुणाला तरी बाहेर काढतेय. “वहिनी, चुकणारा काटा वाईट नसतो,” ते म्हणाले. “किती चुकतो ते कळलं की तो कामाचा. वाईट तो माणूस, जो काटा आधी सरळ करतो आणि मग लिहितो की हा सरळच होता.” त्यांच्या धंद्यातला पहिला नियम हाच म्हणे. यंत्र टेबलावर आलं की त्याला हात लावायच्या आधी, ते जसं आहे तसं, जितकं चुकतंय तितकं, शाईने लिहून काढायचं. त्या रकान्याला ‘ॲज फाउंड’ म्हणतात. दुरुस्ती नंतर. लाजेखातर कुणी आधी दुरुस्ती केली आणि मग आकडा लिहिला, तर त्याला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. हे सगळं मी त्या दिवशी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं, कारण मला नानकटाईची पडली होती.

माझी लेक सई तेव्हा नववीत होती. आमच्या ह्यांची बँकेतली बदली शाळा सुरू झाल्यावर महिनाभराने जेद्दाहून रियाधला झाली. नव्या शाळेत फ्रेंचचा वर्ग भरलेला, उरली होती फक्त रशियन. आम्ही सांगलीचे. आमच्या सात पिढ्यांत रशियनशी कुणाचा संबंध आला नव्हता, त्यामुळे लेक रशियन शिकतेय याचंच मला इतकं अप्रूप की ती काय शिकतेय हे बघायचं सुचलंच नाही. बघून तरी काय दिवे लावणार होते म्हणा. गृहपाठ वर्गात मुलंच एकमेकांचा तपासायची, त्यात सईला दर वेळी दहापैकी दहा. मी त्या पानांचे फोटो काढून सांगलीच्या नातेवाईकांना पाठवायची. सासूबाईंनी तर पोरीची दृष्ट काढायला सांगितली. आणि मग सहामाहीत बाईसाहेबांना पन्नासपैकी अकरा.

रशियनच्या मॅडम कझाकस्तानच्या होत्या. आवाज इतका मऊ की त्या रागावल्या आहेत हे कळायलाच मला पाच मिनिटं लागली. त्यांनी सईची गृहपाठाची वही माझ्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रश्न होता, तुझ्या आईचं नाव काय? सईने सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं होतं. मॅडमनी मला त्याचा अर्थ सांगितला. ‘उत्तरे वेगवेगळी असू शकतात.’ मी सईकडे बघितलं, सईने छताकडे बघितलं. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं छापलेली होती, आणि आमच्या कन्यारत्नाने चार महिने ती जशीच्या तशी उतरवून काढली होती, जिथे उत्तर नव्हतं तिथली सूचनासुद्धा! पुढच्या पानावर तिचा वाढदिवस, तिचं आवडतं फळ, ती सुट्टीत कुठे गेली होती, सगळीकडे उत्तरे वेगवेगळी असू शकतात. मॅडमनी गृहपाठाचे सगळे मार्क कापले. वर सांगितलं की दोन महिन्यांनी पुन्हा या, अभ्यासाची वही घेऊन या. हिने स्वतः अभ्यास केलाय अशी माझी खात्री पटली तर हिला वार्षिक परीक्षेला बसू देईन, नाहीतर नववी पुन्हा करावी लागेल.

त्या दिवशी जिन्यातच माझा तोल गेला. मी सईला काय काय बोलले ते आता लिहिणार नाही. आवाज ऐकून चाचा दार उघडून बाहेर आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आधी ती उत्तरांची पानं फाडून गॅसवर धरते. चाचा दचकले. “मास्टर जाळतात काय, वहिनी?” असं म्हणून त्यांनी सईच्या हातातून पुस्तक घेतलं, आत जाऊन ब्लेडने ती पानं शिवणीपासून अलगद कापली आणि मऊ फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग सईला म्हणाले, “मास्टर खराब नाय गो बाय. तू त्याला चुकीच्या वेळी बोलावलास. रोज दुपारच्या, असरच्या नमाजनंतर खाली यायचं. पेन आणायचं. रबर घरी ठेवायचं.”

आणि मग दोन महिने जे चाललं ते बघायला मी कितीदा तरी साखर नाहीतर कोथिंबीर मागायच्या निमित्ताने खाली गेले. सईने स्वाध्याय पेनने सोडवून आणायचा, खाडाखोड नाही. चाचा चष्मा लावायचे, आपलं लॅबचं जुनं जाडजूड रजिस्टर काढायचे आणि सईची उत्तरं त्यात उतरवून घ्यायचे. अहो, त्या लिपीतलं एक अक्षर त्यांना येत नव्हतं! कुठलं अक्षर कुठून सुरू करतात हेही माहीत नाही. पण समोरचा आकार बघून एकेक काठी, एकेक वेलांटी इतक्या सावकाश काढायचे की पाच ओळींना अर्धा तास लागायचा. सई कंटाळून म्हणायची, “चाचा, फोटो काढा ना, इट्स सो मच ईझियर.” ते म्हणायचे, फोटो काढला की माणूस बघत नाय. उतरवून झालं की मग डबा उघडायचा. उत्तरांच्या पानावर खालून-वरून कोरे कागद ठेवायचे, म्हणजे त्या दिवसापुरतीच ओळ दिसेल. मग भिंग आणि टॉर्च घेऊन ते रजिस्टर आणि मास्टर ताडून बघायचे, आणि जिथे आकार जुळत नाही तिथे लाल टिंब द्यायचे.

पण बरोबर उत्तर काय आहे ते काही केल्या सांगायचे नाहीत. “तिसऱ्या शब्दात, शेपटाकडे फरक हाय,” एवढंच. की डबा बंद. मग सईने पुस्तकात शोधायचं की आपण तिथे काय चुकलो, आणि ते चाचांना मराठीत समजावून सांगायचं. अडली तर शाळेत मॅडमना विचारून यायचं, पण नुसतं उत्तर बदललं तर चालणार नाही, का बदललं ते सांग. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी ‘पटलं’ म्हणायचे, नाहीतर ‘नाय पटलं’. पटलं तरच दुसऱ्या रकान्यात नवीन उत्तर आणि खाली दोघांची सही. एकदा सई वैतागून म्हणाली, तुम्हाला रशियन येत नाही, मग मी थापा मारतेय हे तुम्हाला कसं कळतं? “मना रशियन नाय कळत,” चाचा म्हणाले, “तोंड कळतंय.” आणि ज्या प्रश्नाला मास्टरमध्ये उत्तरच नसायचं, तुझं घर कसं आहे, तुला काय आवडतं असे, तिथे त्यांची पद्धत वेगळी होती. तिथे टिंब नाही की सही नाही. सईने तिला सुचेल ते रशियनमधून मोठ्याने वाचायचं आणि यांनी मांडीवर हात ठेवून ऐकायचं. ज्याला मास्टर नाय ते मोजायचं नाय, ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. पंधराएक दिवसांत पोरीचा चेहरा बदलला. लाल टिंब मिळालं की आधी ती रडकुंडीला यायची, आता ‘थांबा थांबा, मला माहितेय, मी सांगते’ म्हणून ओरडायला लागली.

आता माझा पराक्रम ऐका. मॅडमकडे जायचा दिवस जवळ आला आणि मी सईची वही हातात घेतली. शी! पेनच्या ओळी, त्यावर काट, बाजूला बाण, कोपऱ्यात चाचांच्या चहाचा डाग. हे दाखवायचं बाईंना? आमच्या सांगलीच्या शाळेत कच्ची वही वेगळी आणि फेअर वही वेगळी असायची, आणि बाहेरच्या माणसाला कच्ची वही दाखवणं म्हणजे पाहुणे आल्यावर मागच्या दाराने आत घेण्यासारखं. मी शुक्रवार-शनिवार सईला बसवून सगळं नव्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढायला लावलं, सगळी उत्तरं बरोबर, तांबड्या शाईचा समास, वर खाकी कव्हर. ती म्हणत होती, आई, चाचा असं करू नको म्हणाले होते. मी म्हटलं, चाचांना शाळेतलं काय कळतं. आणि ती कच्ची वही मी कचऱ्याच्या पिशवीतून खालच्या मोठ्या पेटीत टाकली. बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कचरागाडी सकाळीच ती घेऊन गेली.

मॅडमनी खाकी कव्हर उघडलं. एक पान, दोन पानं, दहा पानं. मी कौतुकाची वाट बघत होते. त्यांनी वही मिटली आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, “पुन्हा?” खरंच की! दोन महिन्यांत एकही चूक नाही, सगळं छापल्यासारखं. ही वही आणि ती पहिली वही यांत फरक तो काय? त्या म्हणाल्या, जिच्यावर अभ्यास केला ती वही कुठे आहे? मी म्हटलं, फेकली. सई माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, रागावली नाही, नुसती बघत राहिली, आणि ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. पोरीने स्वतःच्या हाताने उभं केलेलं सगळं मी, तिच्या सख्ख्या आईने, नीटनेटकेपणापायी कचऱ्यात टाकलं होतं.

मग मला रजिस्टर आठवलं. मी चाचांना फोन लावला आणि नीट वाक्यसुद्धा बोलता येईना. ते म्हणाले, “वहिनी, रडू नका. येतो.” तासाभराने ते शाळेत आले ते तसेच कामावरचे, निळा डगला, लोखंडी टोकांचे बूट, आणि छातीशी धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी रजिस्टर दोन्ही हातांनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. मॅडम वाचायला लागल्या. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या, कारण अक्षर म्हणजे अक्षर नव्हतंच, चित्रं होती. मग त्या एका चुकीवर हसल्या. मग दुसऱ्या चुकीवर. मग हळूहळू हसणं थांबलं. पहिल्या पानावर लाल टिंबांचा गोवर आलेला, मधल्या पानांवर ती विरळ झालेली, शेवटी एखाददुसरं. प्रत्येक चुकीसमोर तारीख, कारण आणि दोन सह्या. त्यांनी मान वर करून इंग्रजीत विचारलं, हे कुणी लिहिलं? चाचा म्हणाले, मी. तुम्हाला रशियन येतं? “नो मॅडम,” चाचा अगदी ओशाळून म्हणाले. “नो रशियन. ओन्ली ड्रॉइंग.”

मॅडमनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी सईला रशियनमध्ये काहीतरी विचारलं. सईने उत्तर दिलं, मध्येच अडखळली, ‘नाही नाही’ असं चक्क मराठीत म्हणाली, स्वतःच सुधारलं आणि पुढे बोलत राहिली. मॅडमनी माझी खाकी कव्हरची वही मला परत दिली आणि सईचं नाव परीक्षेच्या यादीत लिहिलं. बाहेर पडताना मी चाचांची माफी मागितली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सईला विचारलं, ती बाय हसली ती कुठल्या चुकीला? सईने सांगितलं. मग ते दोघे पार्किंगपर्यंत हसत गेले आणि मी मागून पर्स सांभाळत.

निकाल लागला तोवर चाचांचा फायनल एक्झिट झाला होता, म्हणजे नोकरी संपली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत, आठवड्याने कायमचं गावी. मी आणि सई प्रगतिपुस्तक घेऊन खाली गेलो तेव्हा खोलीत दोरीने बांधलेली खोकी होती आणि बसायला एकच खुर्ची. रशियनमध्ये शंभरपैकी बावन्न. पास व्हायला पन्नास लागतात. मी पेढे करून नेले होते, पण माझ्या जिवात जीव यायच्या आतच सईने सांगून टाकलं की शेवटचा दहा मार्कांचा प्रश्न तिने कोरा सोडला होता.

“कोरा?” मी म्हटलं. “अगं, काहीतरी लिहायचंस!”

“पुढच्या मुलीचा पेपर दिसत होता, आई. सगळा. पण मला येत नव्हतं. आय जस्ट डिडन्ट नो इट. म्हणून सोडला.”

दोन मार्कांनी वाचली होती ही मुलगी. दोन! नववीला पुन्हा बसायची पाळी होती, आणि ही समोरचं उत्तर बघून कोरं पान देऊन आली होती. माझ्या तोंडात आलेले शब्द तोंडातच राहिले, कारण चाचा खुर्चीतून उठले होते. दोन महिन्यांत ‘पटलं’ याच्यापलीकडे ज्यांनी पोरीचं कौतुक म्हणून केलं नाही, ते पुढे आले, चष्मा काढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, आता हिला माझी गरज नाय.”

मला आहे हो चाचा, मला फार आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण साठीच्या माणसाला, ज्याची बायको आणि नातवंडं मुरुडला वाट बघतायत त्याला, असं काही बोलून अडकवायचं नसतं. मी पेढ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं की खोकी बांधायला अजून दोरी हवी आहे का.